कपबशी जमवायची, तर आधी बूड बघा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, की कपबशी हा काय व्याख्यानाचा विषय आहे? नाणी जमवणारे आपल्याला माहीत असतात, टपाल तिकिटं जमवणारे असतात, जुने कंदील आणि अडकित्ते जमवणारेही असतात. कपबशी म्हणजे फुटेपर्यंत वापरायची आणि फुटली की केरात टाकायची वस्तू. आमचं म्हणणं असं, की नेमकं याच कारणासाठी ती जमवायला हवी. जी वस्तू जपून ठेवण्यासारखी कुणालाच वाटत नाही, ती एका पिढीत नाहीशी होते. महाल, इतवारी, धंतोलीतली जुनी घरं पडतायत, तिथं फ्लॅट उभे राहतायत. सामान हलवताना पितळेचं भांडं तोलून विकलं जातं, सागवानी आलमारीला गिऱ्हाईक मिळतं. चिनी मातीच्या भांड्याला मात्र कबाडीसुद्धा हात लावत नाही, कारण मोडीत त्याला भाव नाही.

तेव्हा आज आम्ही दोन गोष्टी सांगणार आहोत. एक, जुन्या कपबश्यांचा संग्रह नागपुरात बसून कसा सुरू करायचा. आणि दुसरी, तो संग्रह कपाटातली शोभा न राहता काहीतरी सांगणारा व्हावा, यासाठी पहिल्या दिवसापासून काय करायचं.

चहाबरोबर आलेली वस्तू

कपबशी आपल्या घरात चहाबरोबर आली. चहाचा खप हिंदुस्थानातच वाढावा म्हणून १९०३ साली चहावर उपकर बसवण्याचा कायदा झाला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गिरण्या, खाणी, कारखाने इथं चहाची दुकानं निघाली. मोठ्या रेल्वे जंक्शनांवर छोट्या कंत्राटदारांना किटल्या, कप आणि चहाच्या पुड्या देऊन उभं केलं गेलं. म्हणजे सामान्य माणसाच्या हातात कप दिला तो मुख्यतः रेल्वेने आणि गिरणीने.

आता नागपूरचं बघा. मुंबईकडून येणारी जी.आय.पी. रेल्वे, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला, १८६७ साली नागपूरला पोहोचली. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिच्या तर नावातच आपलं गाव. दोन मोठ्या कंपन्या इथं येऊन मिळत होत्या. आजची स्टेशनची दगडी इमारत १९२५ सालची. मोठ्या स्टेशनांवर कंपन्यांची उपाहारगृहं असायची, आणि त्यांतल्या भांड्यांवर कंपनीची आद्याक्षरं किंवा बोधचिन्ह छापलेलं असायचं. कप कुणी पिशवीत घालून नेऊ नये हा एक हेतू, आणि कंपनीची ऐट हा दुसरा. तरीही कप घरी गेलेच! म्हणून तर आज ते सापडतात.

पण चहाचा कप इतका साधा नव्हता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी गेली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. त्यावरून ग्रामण्य उठलं, बहिष्काराची भाषा झाली, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. एका कपासाठी! पितळेचं, तांब्याचं भांडं चिंच आणि राख लावून घासलं की शुद्ध होतं, मातीचं होत नाही, अशी समजूत होती. चिनी मातीचा कप म्हणजे कुणाच्या ओठाला लागला याचा भरवसा नाही, म्हणून सोवळ्याच्या घरांत तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच राहायचा.

याचीच दुसरी, जास्त कठोर बाजू आहे. स्टेशनांवर हिंदू पाणी, मुसलमान पाणी असं वेगळं मिळायचं. गावोगावच्या चहाच्या हॉटेलांत दलित गिऱ्हाइकासाठी वेगळा कप बाहेर ठेवलेला असायचा, बहुतेक वेळा कान तुटलेला. तो त्यानेच उचलायचा, त्यात वरून चहा ओतून घ्यायचा आणि त्यानेच धुऊन परत ठेवायचा. दलित आत्मकथनांत या कपांची वर्णनं वाचायला मिळतात. १९५५ सालच्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात सार्वजनिक उपाहारगृहातली भांडी वापरायला मनाई करणं हा गुन्हा ठरवला गेला. कायद्यात 'भांडी' हा शब्द मुद्दाम घालावा लागला, यावरून ओळखा की प्रश्न किती रोजचा होता.

म्हणून आम्ही म्हणतो की कप हा पुरावा आहे. कोण कुणाबरोबर बसलं, कुणाला बाहेर उभं केलं, घरात पैसा आला तेव्हा पहिल्यांदा काय विकत घेतलं, हे सगळं त्यावरून कळू शकतं. पण कप स्वतःहून बोलत नाही. तो कुठून आला हे कुणीतरी लिहून ठेवलं, तरच कळतं.

बाहेर काय झालं

अशा हॉटेलच्या कपांचा नाद जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत 'टिकी मग' नावाचा प्रकार असतो. १९३३ च्या सुमारास हॉलिवुडमध्ये 'डॉन द बीचकोंबर' नावाचा बार निघाला, नंतर 'ट्रेडर विक्स' नावाची उपाहारगृहं निघाली. प्रशांत महासागरातल्या बेटांचा देखावा, वेताच्या भिंती, रमची पेयं, आणि ती पेयं द्यायला लाकडी मूर्तीच्या चेहऱ्यासारखे चिनी मातीचे उंच पेले. गिऱ्हाईक ते आठवण म्हणून घरी न्यायचं. पुढे फॅशन गेली, बार बंद पडले, पेले मोडीत गेले. आणि मग काही लोकांनी ते बुडावरचे शिक्के वाचून जमवायला सुरुवात केली. कुठल्या बारचा, कुठल्या वर्षाचा, अमेरिकेत घडवलेला की जपानहून मागवलेला, हे सगळं त्यांनी शिक्क्यांवरून लावलं.

त्यांच्याकडून दोन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला, हॉटेल बंद पडतं तेव्हाच त्याची भांडी वाचवायची असतात, वीस वर्षांनी शोधून उपयोग नसतो. दुसरा जरा बोचरा आहे. टिकी हे माओरी आणि इतर बेटांवरच्या लोकांच्या श्रद्धेतलं रूप. त्याचा दारूचा पेला झाला, तेव्हा त्या लोकांना कुणी विचारलं नाही. आज तिथले जाणते संग्राहक हा प्रश्नही संग्रहाबरोबर मांडतात. आपल्याकडे कान तुटलेल्या कपाचा प्रश्न आहे, तो आपण मांडायचा.

एकच धागा धरा

नवा संग्राहक पहिली चूक करतो ती ही, की दिसेल ते घेतो. सहा महिन्यांत घरात साठ कप होतात आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. घरचे वैतागतात ते वेगळंच. तर सुरुवातीला एक धागा निवडा. नागपूरकराला जवळचे असे चार आम्ही सुचवतो.

एक, रेल्वेची भांडी. जी.आय.पी., बी.एन.आर., आणि त्यानंतरच्या मध्य रेल्वेची, दक्षिण पूर्व रेल्वेची. अजनीच्या रेल्वे वसाहतीत, जुन्या रेल्वे कुटुंबांत विचारून बघा. मोतीबागेत २००२ सालापासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. बंगाल नागपूर रेल्वेच्या जमान्याचा अंदाज यावा म्हणून तिथं एक चक्कर जरूर मारा.

दोन, छावणीची भांडी. कामठीची छावणी १८२१ सालची. पलटणींच्या भोजनगृहांत बिल्ला छापलेली ताटं आणि कप असत. त्यांतलं काही सेवानिवृत्तांच्या घरांत सापडतं.

तीन, घरगुती स्वदेशी माल. कलकत्त्याची बंगाल पॉटरीज, ग्वाल्हेरची पॉटरी, उत्तर प्रदेशातलं खुर्जा, सौराष्ट्रातली परशुराम पॉटरी. आपल्या आजीच्या लोणच्याच्या बरण्या, वरून तपकिरी आणि खालून पिवळट पांढऱ्या, त्या अशाच कारखान्यांतून येत. आणि विदर्भातलं नाव सांगायचं तर भद्रावतीचा ग्रामोदय संघ, जिथं गांधीविचारातून कुंभारकामाचं शिक्षण आणि उत्पादन उभं राहिलं. हा धागा स्वस्तातला, आणि त्याच्याकडे फार थोड्यांचं लक्ष आहे.

चार, हॉटेलची भांडी. गावातली बंद पडलेली चहाची हॉटेलं, लॉज, खानावळी, कॉफी हाऊसं. ज्यांवर हॉटेलचं नाव छापलंय असा एक कपसुद्धा त्या चौकाचा इतिहास असतो.

बूड वाचणं

आता मुख्य काम. कप हातात आला की आपण नक्षी बघतो. संग्राहकाने कप आधी उलटा करायचा. बुडावर शिक्का असतो, आणि त्यात वय लपलेलं असतं.

इंग्लंडच्या मालापासून सुरू करू. शिक्क्यात बरफीच्या आकाराची चौकट असेल आणि तिच्या कोपऱ्यांत अक्षरं-आकडे असतील, तर ती नक्षी १८४२ ते १८८३ या काळात नोंदलेली. १८८४ पासून चौकट गेली आणि नुसता नोंदणी क्रमांक आला. 'इंग्लंड' हा देश लिहिलेला असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, आणि कारखाने सगळीकडे तोच शिक्का वापरू लागले.

जपानचा माल आपल्याकडे भरपूर आला. शिक्क्यात 'निप्पॉन' असेल तर साधारण १८९१ ते १९२१. त्यानंतर 'जपान'. आणि 'ऑक्युपाइड जपान', म्हणजे ताब्यातलं जपान, असं असेल तर १९४७ ते १९५२ या थोड्या वर्षांतला. महायुद्ध हरलेल्या देशाची अवस्था चहाच्या बशीखाली छापलेली आहे, असा हा शिक्का.

रेल्वेच्या कपांना आपला इतिहासच पंचांगासारखा उपयोगी पडतो. जी.आय.पी. रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली. तेव्हा जी.आय.पी.ची अक्षरं असलेला कप त्याआधीचा. बंगाल नागपूर रेल्वे १ ऑक्टोबर १९४४ ला सरकारने ताब्यात घेतली, १४ एप्रिल १९५२ ला पूर्व रेल्वेत गेली, आणि १ ऑगस्ट १९५५ ला त्यातून दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी झाली. कपावरची तीन अक्षरं आणि ही चार तारखा जुळवल्या की वय बऱ्यापैकी सापडतं. अर्थात, नाव बदललं म्हणून जुने कप दुसऱ्या दिवशी कुणी फेकत नाही. घडवल्याचा काळ आणि वापरल्याचा काळ वेगळा धरायचा.

भारतीय मालाला खुणा वेगळ्या. नुसतं 'मेड इन इंडिया' असेल तर त्यावरून स्वातंत्र्याच्या आधीचा की नंतरचा हे ठरत नाही. पण खोक्यावर किंवा चिठ्ठीवर पत्ता असेल आणि त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर १९७२ च्या ऑगस्टनंतरचा, कारण पिनकोड तेव्हा आला. बरणीवर मापं शेरात किंवा पौंडात असतील तर बहुधा दशमान मापं रुळण्याच्या आधीची, म्हणजे साधारण १९६० च्या अलीकडे-पलीकडे. 'बॉम्बे' असेल तर १९९५ च्या आधीची शक्यता जास्त, पण तिथं सावध राहा, कंपन्या जुनी नावं पुष्कळ वर्षं चालवतात.

आणि शिक्काच नसेल तर? तर घाबरायचं नाही. आपल्याकडचा पुष्कळ साधा माल बिनशिक्क्याचा आहे. तिथं माती, वजन, आकार आणि घरच्यांची माहिती यांवर जायचं.

डोळा, कान आणि नख

घेण्याआधी तीन परीक्षा करा. पैसे लागत नाहीत.

पहिली उजेडाची. कप खिडकीकडे धरून मागे बोटं हलवा. बोटांची सावली दिसली तर ती पोर्सेलीन किंवा बोन चायना. बोन चायनात हाडांची राख असते, म्हणून काही शाकाहारी घरांत तो वर्ज्य असे. काहीच दिसलं नाही तर जाड भाजणीची माती. हॉटेलचे आणि रेल्वेचे कप जाडच असत, ते आपटूनही टिकायला हवेत. तेव्हा जाड म्हणजे हलका माल, असं समजू नका.

दुसरी आवाजाची. कप तळहातावर ठेवून काठावर नखाने हलकी टिचकी मारा. टण्ण असा आवाज आला तर अंग अखंड. थप असा बसका आवाज आला तर कुठंतरी तडा आहे, दिसत नसला तरी.

तिसरी नखाची. काठावरून नख फिरवा, टवका लगेच लागतो. कानाच्या सांध्यावर फिरवा, तिथं डिंकाने जोडलेलं असेल तर किंचित उंचवटा लागतो. नोटा तपासायची अतिनील टॉर्च असेल तर अंधारात ती मारून बघा. डागडुजीचा डिंक आणि नवा रंग बऱ्याचदा वेगळे चमकतात.

झिलईवर बारीक जाळी दिसते, ती म्हणजे झिलईचे तडे. झिलई आणि माती सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून ते पडतात. त्यांत वर्षानुवर्षं चहा मुरून ते तपकिरी होतात. हा दोष आहे, पण वापराची खूणही आहे.

आता नकली माल. रेल्वेची आणि पलटणीची अक्षरं छापून नवे कप जुने म्हणून विकले जाऊ शकतात. भिंग घ्या आणि छपाई बघा. जुन्या ठशाच्या छपाईत रेघा असतात, कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून उतरलेल्या. नव्या छपाईत चार रंगांचे बारीक ठिपके दिसतात, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. मग बुडाची कड बघा. जो कप चाळीस वर्षं टेबलावर घासला गेला, त्याच्या कडेवर ओरखडे वाटेल तसे, वेगवेगळ्या दिशांनी जातात. सँडपेपरने म्हातारा केलेल्या कपाचे ओरखडे सरळ एका दिशेने जातात.

घेताना माणसाशी कसं वागायचं

कप बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरातून येतो. घर हलवत असलेल्या कुटुंबाला आपण भेटतो तेव्हा त्यांच्या मनाची अवस्था हळवी असते. आजीने एक कप पुढे केला, तर भावाची घाई करू नका. आधी विचारा, "आजी, हा कुठून आला? कुणी आणला? यातून कोण चहा प्यायचं?" दोन गोष्टी होतात. आजीला बरं वाटतं, आणि तुम्हाला ती माहिती मिळते जी कुठल्याही शिक्क्यात नाही. पुष्कळदा गप्पा झाल्यावर आजी म्हणते, "राहू दे बाप्पा, हा मी देत नाही." देऊ नये! कप त्याच घरात राहिला आणि त्याची गोष्ट त्या घरात पुन्हा सांगितली गेली, तर तुमचं काम झालंच. फोटो घ्या, नोंद करा आणि या.

किंमत माहीत असूनही कबाड म्हणून फुकटात उचलणं, हा आमच्या मते संग्रह नाही. वस्तूला बाजारात भाव आहे हे तुम्हाला कळत असेल तर समोरच्याला सांगा. नागपूर मोठं दिसतं, पण या नादात गाव लहानच आहे. एकदा नाव गेलं की दारं बंद होतात.

वही

आता आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पहिला कप घ्यायच्या आधी एक वही घ्या. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. क्रमांक कपावर चिकटपट्टीने लावू नका, सोनेरी किनार निघून येते. पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी कपात ठेवा. वहीत लिहा: तारीख, कुणाकडून, कुठल्या मोहल्ल्यातून, काय भाव, उंची आणि काठाचा व्यास, शिक्का जसाच्या तसा, दोष कुठं. आणि मग मोकळी जागा सोडून देणाऱ्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहा. वऱ्हाडीत बोलला तर वऱ्हाडीत. त्याची परवानगी घेऊन.

पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. आपल्या लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय केलं, आणि १९७५ साली हजारो वस्तू महाराष्ट्र सरकारला दिल्या. आपल्याकडे अजब बंगला १८६३ पासून आहे, वर्ध्याला ग्रामोद्योगाचं मगन संग्रहालय १९३८ पासून आहे. उद्या तुमचा संग्रह अशा एखाद्या संस्थेला द्यायची वेळ आली, तर पहिला प्रश्न विचारला जाईल, 'नोंदी आहेत का?' नोंदी नसतील तर तो निव्वळ कपांचा ढीग.

आणि इथं आधीचा एक नियम आम्ही थोडा मोडतो. बाजार सांगतो, टवका उडालेला, कान तुटलेला कप घेऊ नका. शोभेसाठी हा सल्ला बरोबर आहे. पण एखाद्या जुन्या हॉटेलवाल्याच्या घरात कोनाड्यातून कान तुटलेला कप निघाला, आणि तो बाहेर का ठेवला जायचा हे कुणी खरं खरं सांगितलं, तर तो कप सोन्याच्या किनारीच्या साऱ्या संचापेक्षा मोलाचा समजा. तशी माहिती असल्याशिवाय मात्र तशी गोष्ट कुठल्याही फुटक्या कपाला चिकटवू नका. खोटी गोष्ट लावलेला एक कप सापडला की लोक खऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

जपणूक आणि कायदा

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड. एका वेळी एकच कप. बेसिनमध्ये टॉवेल अंथरा. डाग काढायला ब्लीचिंगचं पाणी वापरू नका, तड्यांत शिरून झिलई उचलते. सोनेरी काम असलेला कप मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. कप एकात एक घालून रचू नका, कानाला धरून उचलू नका, दोन्ही हातांनी अंगाला धरा. आपला उन्हाळा म्हणजे मे महिन्यात भिंती तापतात. पश्चिमेच्या भिंतीला कपाट नको.

जुन्या रंगीत कपांतून चहा पिऊ नका, लोणचं-चिंच तर ठेवूच नका. जुन्या झिलईत आणि वरच्या रंगांत शिसं असू शकतं, आणि आंबट पदार्थ ते बाहेर काढतात.

कायद्याच्या दोन गोष्टी. रेल्वेची भांडी घेताना ती बाहेर कशी आली हे विचारा. १९६६ सालचा रेल्वे मालमत्तेच्या बेकायदेशीर ताब्याबद्दलचा कायदा आहे. नवी, सध्याच्या रेल्वेची खूण असलेली भांडी कुणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका. दुसरं, १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांच्या वरच्या वस्तू पुरावशेषांत येऊ शकतात. त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. अमेरिकेतल्या भाच्याने १९१५ सालचा कप मागितला, तर त्याला फोटो पाठवा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सुरुवातीला किती पैसे लागतील?*

भिंग, टॉर्च, वही, एवढ्यापुरते. पहिले तीन महिने काही विकत घेऊ नका असं आम्ही सुचवू. आपल्या आणि नातेवाइकांच्या घरातलीच भांडी उलटी करून शिक्के वाचा. काकूच्या माळ्यावर पेंढ्यात गुंडाळलेलं काय निघेल सांगता येत नाही.

*प्रश्न: बशी हरवली असेल तर कप घ्यावा का?*

घ्यावा. आपल्याकडे बशीतून चहा प्यायची रीत, त्यामुळे बश्या जास्त हाताळल्या गेल्या आणि जास्त फुटल्या. पण दुसऱ्या संचाची बशी जोडून ती मूळचीच म्हणून सांगू नका. वहीत 'बशी वेगळी' असं स्पष्ट लिहा.

*प्रश्न: घरचे म्हणतात, कचरा कशाला जमवता? काय सांगायचं?*

मुलांना कामाला लावा. आपल्या घरातल्या पाच जुन्या कपांचा इतिहास आजोबांना विचारून लिहून आणा म्हणावं. आजोबा सांगतील की पहिला कप कुठल्या पगारातून आला, कुणाच्या लग्नात आला, आणि कोण घरी आलं की तो काढायचे. कुणासाठी काढत नव्हते, हेही विचारायला सांगा. उत्तर द्यायला ते जरा थांबतील. थांबू द्या, घाई करू नका, आणि जे सांगतील ते लिहून घ्या.